नवा कारभारी, जुने दप्तर



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी थोडे हसूनच विचारले, "इतिहासाच्या मालेत ही दुरुस्तीच्या दुकानातली गोष्ट कशाला?" जुन्या डेस्कटॉप संगणकावर नवी कार्यप्रणाली बसविताना काय काय अडते आणि तो अडथळा कसा शोधून काढावा, हा विषय इतिहासाच्या पंक्तीला बसेल असे प्रथमदर्शनी कोणासही वाटणार नाही. किल्ले, तह, सनदा आणि राजवंश यांच्या शेजारी हा पाहुणा जरा अवघडूनच बसणार. परंतु दुरुस्ती करणाऱ्यास आणि इतिहास लिहिणाऱ्यास पडणारा पहिला प्रश्न एकच असतो : पूर्वी हे कसे होते, आणि मध्ये काय घडले? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही एका धूळ खात पडलेल्या यंत्रापासून निघून नाणेघाटापर्यंत कसे जाऊन पोहोचलो, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात महाळुंगे पडवळ नावाचे गाव आहे. परदेशी कापडाची लॉरी अडविताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईस काळबादेवी रस्त्यावर ज्यांनी देह ठेवला, ते हुतात्मा बाबू गेनू सैद याच गावचे. पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेलेल्या या शेतकऱ्याच्या मुलाचे नाव सर्वतोमुखी आहे. त्याचे गाव मात्र पुस्तकांतून एकदोन ओळींतच आटोपते. ते गाव कसे होते, माणसे मुंबईची वाट कशी धरीत, कोणत्या शेताला काय म्हणत, अवर्षणाच्या साली कोणती विहीर टिके आणि कोणती आटे, हे जुन्या माणसांच्या तोंडून लिहून घ्यावे, या हेतूने आम्ही काही वर्षे तेथे जाऊन टिपणे केली. २००७ साली घेतलेल्या संगणकावर ती स्वतः बसून टंकलिखित केली. ती शंभरावर पाने झाली. ती सांगणाऱ्यांपैकी बहुतेक जण आज हयात नाहीत. श्रोत्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. पुढच्या साऱ्या खटाटोपाचे कारण तेच आहे.

कारभारी म्हणजे कोण?

कार्यप्रणाली, म्हणजे ज्याला आपण सर्वजण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो, ती वस्तू काय आहे, हे आधी सांगितले पाहिजे. जुन्या वाड्याची कल्पना करावी. वाडा आहे, कोठ्या आहेत, बल्लव आहे, पागा आहे; पण कोठीची किल्ली कोणाकडे, आज कोणाला किती शिधा द्यावयाचा, दारी आलेल्या माणसास कोणाकडे पाठवावयाचे, हे ठरविणारा एक कारभारी असतो. संगणकातील यंत्रसामग्री म्हणजे वाडा. आपण लिहिण्याचे, हिशेबाचे जे प्रोग्रॅम वापरतो ते या वाड्यातील निरनिराळे कामगार. आणि त्या सर्वांना जागा, वेळ व सामग्री वाटून देणारा कारभारी म्हणजे कार्यप्रणाली. कळफलकावर आपण एक कळ दाबतो, तिचा निरोपसुद्धा कारभाऱ्याच्या हातूनच पुढे जातो.

वाडा शंभर वर्षे टिकतो. कारभारी तितका टिकत नाही. विंडोज एक्सपी नावाचा कारभारी ऑक्टोबर २००१ मध्ये आला आणि ८ एप्रिल २०१४ रोजी त्याच्या निर्मात्यांनी त्याची देखभाल थांबविली. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. देखभाल थांबली म्हणजे यंत्र बंद पडते असे नव्हे. ते चालत राहते; परंतु भिंतीला नवे भगदाड पडले तर ते बुजविण्यास कोणी येत नाही. जो संगणक बाहेरच्या जगाशी जोडलेला नाही, तो अशा स्थितीत पुष्कळ वर्षे काढू शकतो. आमच्या संगणकाने तशीच काढली. टिपणे छापण्यासाठी धाडावयाची वेळ आली, तेव्हा मात्र त्यास जगाशी जोडणे भाग पडले आणि कारभारी बदलण्याचा प्रश्न उभा राहिला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेले विंडोज ११ या वाड्यात पाऊल ठेवण्यास तयार नव्हते. त्यास निदान ४ जीबी रॅम लागते, मदरबोर्डावर सुरक्षेची एक विशिष्ट चिप लागते आणि यंत्र सुरू करण्याची नवी पद्धत लागते. आमच्या यंत्रात यांतले काहीच नव्हते. तेव्हा आम्ही लिनक्सच्या कुळातील एक हलकी प्रणाली निवडली. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्‌स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली जे बीज पेरले, त्याचा आज वटवृक्ष झाला आहे. त्याच्या काही फांद्या मुद्दाम जुन्या, अशक्त यंत्रांसाठी राखलेल्या आहेत आणि त्या विनामूल्य मिळतात.

लहान बिघाड आणि त्यांची रीत

अडचणींचा पाढा वाचण्यापूर्वी रीत सांगतो. पहिली गोष्ट, कारभारी बदलण्यापूर्वी दप्तराची नक्कल काढावी, आणि ती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. दुसरी, एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले आणि बिघाड झाला, तर दोष कोणाचा हे सांगता येत नाही. तिसरी, केलेला प्रत्येक बदल वहीत तारीखवार लिहावा. या तीन गोष्टी ज्याने पाळल्या त्याला फारशी विद्या नसली तरी चालते. ज्याने पाळल्या नाहीत त्याची विद्याही उपयोगी पडत नाही.

आमचे यंत्र प्रथम सुरूच होईना. पडदा काळा, आणि आतून ठराविक अंतराने बारीक शिटी. ही शिटी निरर्थक नसते. पडदा लागण्यापूर्वी यंत्राजवळ बोलण्याचे दुसरे साधन नसते, म्हणून ते शिटीच्या खुणेने आपले दुखणे सांगते. दुखणे रॅमच्या पट्टीचे होते. पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवर साध्या खोडरबराने हळूच घासले, खाचेतील धूळ ब्रशाने झाडली आणि पट्टी पुन्हा दाबून बसविली. पडदा उजळला. गल्लोगल्लीच्या दुकानांतून हा खोडरबराचा उपाय गेली कित्येक वर्षे चालत आलेला आहे.

दुसरे दुखणे अधिक चमत्कारिक होते. नवी प्रणाली बसली, इंटरनेटही जोडले गेले, पण एकही सुरक्षित संकेतस्थळ उघडेना. प्रत्येक ठिकाणी ओळखपत्र खोटे असल्याची सूचना येई. आम्ही तारा तपासल्या, जोडणी तपासली. सारे ठीक होते. शेवटी पडद्याच्या कोपऱ्यातील तारखेकडे लक्ष गेले. ती होती १ जानेवारी २००७. मदरबोर्डावर रुपयाएवढी एक गोल बॅटरी असते. वीज बंद असतानाही घड्याळ चालू ठेवण्याचे काम ती करते. ती संपल्यामुळे यंत्र प्रत्येक वेळी आपल्या जन्मसालात जागे होत होते. संकेतस्थळांच्या ओळखपत्रांवर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत ग्राह्य' असा शिक्का असतो. २००७ सालात वावरणाऱ्या यंत्रास आजचे ओळखपत्र म्हणजे अजून न जन्मलेल्या माणसाचा दाखला वाटणार! थोड्याशा पैशांची बॅटरी बदलली आणि प्रश्न मिटला.

तिसरी अडचण छपाईयंत्राची. नव्या कारभाऱ्यास जुन्या छपाईयंत्राची भाषा येत नव्हती. ड्रायव्हर नावाचा दुभाषा मिळवून दिल्यावर ती सुटली. याच जातीची, पण अधिक जड अडचण पतसंस्थांना आणि दूध सोसायट्यांना सोसावी लागते. त्यांचे हिशेब पुष्कळदा डॉसच्या काळात लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये असतात, आणि ६४ बिटांचे विंडोज १६ बिटांचे जुने प्रोग्रॅम मुळीच चालवीत नाही. तेव्हा नव्या यंत्राच्या आत डॉसचे सोंग उभे करून जुना प्रोग्रॅम चालवावा लागतो, अथवा त्याच्या फाइली दुसऱ्या प्रोग्रॅमने वाचून घ्याव्या लागतात.

अक्षरे आहेत, अर्थ नाही

येथवर सारे ठीक झाले, आणि आम्ही मोठ्या उमेदीने महाळुंगे पडवळच्या टिपणांची पहिली फाइल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्हे यांचा नुसता सडा पडला होता. एकही मराठी शब्द नव्हता. दुसरी फाइल उघडली, तीही तशीच. शंभर पाने, आणि वाचण्याजोगी एक ओळ नाही.

प्रथम आम्हांस वाटले की हार्ड डिस्क गेली. परंतु फाइलींचा आकार पूर्वीइतकाच होता. नक्कल मुळाशी ताडून पाहिली तर अक्षरभरही फरक नव्हता. म्हणजे काहीच बिघडलेले नव्हते, आणि तरी सारे गेलेले होते. हे कोडे यंत्र उघडून सुटणारे नव्हते. ते सोडविण्यासाठी मराठी संगणकात कशी शिरली, याचा इतिहासच उलगडावा लागला.

संगणक अक्षरे साठवीत नाही. तो आकडे साठवितो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर समजावयाचे, हा माणसामाणसांतला करार असतो. जुन्या व्यवस्थेत एका अक्षरास एक बाइट, म्हणजे एकूण २५६ घरे. त्यांतील पहिली १२८ रोमन लिपीने आधीच व्यापलेली. उरलेल्या घरांत आपल्या लिप्या बसविण्याचा सुबुद्ध प्रयत्न आपल्याच देशात झाला. कानपूरच्या आयआयटीत १९८० नंतरच्या दशकात देवनागरीवर जे काम झाले, त्यातून जिस्ट नावाचे तंत्र निघाले. मोहन तांबे यांचे नाव त्याच्याशी निगडित आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि हे काम तेथे वाढले. संगणकात बसविण्याचे जिस्ट कार्ड मिळू लागले आणि साध्या डॉसच्या पडद्यावर मराठी उमटू लागली. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची सांकेतिक प्रणाली ठरली. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने ती आय. एस. १३१९४ या क्रमांकाने मानक म्हणून स्वीकारली. तिचे तत्त्व फार शहाणपणाचे होते. अक्षराचा आकार साठवावयाचा नाही, उच्चार साठवावयाचा. 'कि' मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण उच्चार आधी 'क' चा होतो. म्हणून आधी 'क', मग ऱ्हस्व इकार.

पण बाजार मानकासाठी थांबत नाही. विंडोज घरोघर आले तेव्हा त्याला देवनागरी येत नव्हती. छापखान्यांना आणि कचेऱ्यांना तर मराठी आजच्या आज पाहिजे होती. तेव्हा एक युक्ती निघाली. फॉन्ट म्हणजे अक्षरांची चित्रे. रोमन अक्षराच्या घरात रोमन चित्राऐवजी मराठी चित्र ठेवून दिले की काम भागले! रेमिंग्टन टंकलेखनयंत्राच्या कळफलकावर बेतलेल्या फॉन्टांत रोमन 'डी' च्या घरी 'क' राहावयास आला, 'के' च्या घरी काना आला, 'एफ' च्या घरी पहिली वेलांटी आली. 'डी' आणि 'के' या कळा दाबल्या की पडद्यावर 'का' उमटे. लिहिणारा समजे की आपण मराठी लिहीत आहोत. संगणक समजे की हा मनुष्य 'डीके' असे लिहीत आहे. दोघेही आपापल्या जागी सुखी होते.

या युक्तीवर मराठीने दहापंधरा वर्षे संसार केला. पुस्तके, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतींचे दाखले, साप्ताहिके, सारे यातून छापून निघाले. पुणे आणि मुंबई येथील कल्पक मंडळींनी सुरेख वळणाचे फॉन्ट काढले आणि मराठी मुद्रणावर त्यांचे उपकार आहेत, हे नाकारता येणार नाही. अडचण एवढीच की प्रत्येकाची घरांची वाटणी निराळी. एकाच्या फॉन्टात लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टात उघडला की गोंधळ. आमची टिपणे अशाच एका फॉन्टात होती. जुन्या कारभाऱ्याच्या कपाटात तो फॉन्ट होता, म्हणून दप्तर वाचता येत होते. नव्या कारभाऱ्याने दप्तर जसेच्या तसे उचलले, पण फॉन्ट त्याच्याजवळ नव्हता. फाइलीत फॉन्टचे नाव तेवढे राहिले होते.

नाव तेवढे राहिले, या गोष्टीचा आंबेगाव तालुक्यास चांगलाच अनुभव आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, जलाशयास हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे, आणि आंबेगाव हे नाव सातबाऱ्यावर, पाट्यांवर, पाकिटांवर सुखाने नांदते आहे. ज्यास ही हकीकत ठाऊक नाही तो नकाशावर आंबेगाव शोधीत बसेल. आमचा नवा कारभारी त्या फॉन्टचे नाव घेऊन असाच हुडकत बसला होता.

दुरुस्तीचा मार्ग

निदान झाल्यावर पहिला उपाय सोपा होता. जुन्या डिस्कवरील विंडोजच्या कपाटातून तो फॉन्ट शोधला आणि नव्या प्रणालीत बसविला. क्षणात शंभर पाने मराठीत बोलू लागली. त्या वेळी झालेला आनंद सांगून समजणार नाही. परंतु हा आनंद उसना होता. टिपणे दुसऱ्या कोणास पाठविली की त्याच्या पडद्यावर पुन्हा तोच सडा. शिवाय त्यात शब्द शोधता येईना. 'विहीर' शब्द शोधावयास सांगितला तर यंत्र 'नाही' म्हणे, कारण त्याच्या लेखी तेथे मराठी अक्षरच नव्हते. तेव्हा सारा मजकूर युनिकोडमध्ये आणणे भाग होते.

युनिकोड म्हणजे जगातील सर्व लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास कायमचा एकच क्रमांक देणारा करार. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि देवनागरीची मांडणी तिने आपल्या इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच घेतली. विंडोजमध्ये ही देवनागरी २००० साली आली. पुढल्या एक्सपीतसुद्धा ती आपोआप चालत नसे. मूळ सीडी घालून, एका चौकटीत खूण करून ती मागून घ्यावी लागे. ही एक खूण न केल्यामुळे कितीतरी कचेऱ्या पुढे अनेक वर्षे जुन्याच युक्तीवर राहिल्या. आम्हीही त्यांतलेच. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया युनिकोडमध्ये लिहिला जात होता, आणि आम्ही २००७ साली नवे यंत्र घेऊन जुन्या युक्तीने लिहीत बसलो होतो. हा दोष यंत्राचा नव्हे, आमचा.

रूपांतर करणारे प्रोग्रॅम आज मिळतात. पण रूपांतर म्हणजे एका घरातील बिऱ्हाड उचलून दुसऱ्या घरात ठेवणे नव्हे. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडला ती नंतर पाहिजे. ती जागा बदलली नाही तर 'विहीर' चे 'िवहीर' होते. रफार उलटा : जुन्यात तो अक्षरावर मागाहून चढविलेला, नव्यात 'र' आधी पाहिजे, नाही तर 'सर्व' चे 'सवर्' होते. वर्तमानपत्रांच्या जुन्या संकेतस्थळांवर असे शब्द आपण पाहिले असतील. त्याहून कठीण गोष्ट कान्याची. 'ख', 'ध', 'भ', 'ण' ही अक्षरे जुन्या फॉन्टात अर्धे अक्षर अधिक काना अशी जोडून बनत. म्हणजे 'खाण' मध्ये तीन काने आले : एक 'ख' चा दांडा, एक खरा आकार, आणि एक 'ण' चा दांडा. यांतला कोणता आकार आणि कोणता दांडा, हे यंत्रास नियम घालून शिकवावे लागते.

सर्वांत मोठी फसगत झाली ती खास मराठी अक्षराने. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील खोल जागा. यांतील 'ऱ्य' आपल्या मराठीचा विशेष आहे. आमच्या रूपांतरात जेथे जेथे 'दऱ्या' होते तेथे तेथे 'दर्या' झाले, आणि सह्याद्रीच्या कुशीतील गावाजवळ एकदम समुद्र आला! वरवर पाहणाऱ्यास ही चूक दिसतसुद्धा नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. शिवाय हे 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिता येते. दिसावयास ते सारखे, पण साठविलेले निराळे. त्यामुळे एका प्रकाराने शोधले तर दुसऱ्या प्रकारचे शब्द सापडत नाहीत. 'ॲ' या अक्षराची कथाही अशीच. युनिकोडने त्यास स्वतंत्र क्रमांक दिला तो २००८ साली. त्यापूर्वीच्या यंत्रावर हे अक्षर पाठविले तर तेथे नुसती रिकामी चौकट दिसे. रुपयाचे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी ठरले, तेव्हा जुन्या यंत्रांवर तेही काही काळ चौकट होऊन राहिले होते.

नाणेघाटाची साक्ष

हे सारे आज आपल्याच पिढीवर ओढवले आहे असे समजण्याचे कारण नाही. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटेवर नाणेघाट आहे. तेथील लेण्यात सातवाहनांच्या काळचा, राणी नागनिकेचा म्हणून प्रसिद्ध असलेला शिलालेख आहे. यज्ञ, दाने, दक्षिणा यांची तपशीलवार नोंद त्यात आहे, आणि अंक लिहिण्याच्या प्राचीन पद्धतीचा तो एक फार महत्त्वाचा पुरावा मानला जातो. दगड फुटला नव्हता असे नाही, पण पुष्कळसा लेख शाबूत होता. त्या वाटेने शतकानुशतके व्यापारी, बैल, सैन्ये गेली. भिंतीवर अक्षरे आहेत हे सर्वांना दिसत होते आणि वाचता कोणालाच येत नव्हती. ब्राह्मी लिपीची किल्ली हरवली होती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती पुन्हा शोधली, तेव्हा कोठे असे लेख बोलू लागले.

मोडीचे उदाहरण तर आपल्या घरचे. पेशव्यांचे राज्य १८१८ साली गेले. नवे कारभारी आले. दप्तर पुण्यातच राहिले. कागद होते, शाई होती, मजकूर होता. परंतु शाळांतून मोडी गेली तसतसे ते रुमाल अधिकाधिक मुके होत गेले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर काढले, ते मोडी जाणणारे हात तेव्हा उपलब्ध होते म्हणून. त्याच मोडीस २०१४ साली युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली, हे या संदर्भात सांगितले पाहिजे.

एक फरक मात्र ध्यानात घ्यावा. ब्राह्मीची किल्ली हरविण्यास शतके लागली, मोडीस काही पिढ्या लागल्या. आमच्या फॉन्टची किल्ली वीस वर्षांच्या आत हरविण्याच्या बेतात होती. आणि बाबू गेनूंच्या गावची टिपणे हाती असल्यामुळे आणखी एक विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. ही कुलपे परदेशी नव्हती. ती आपल्याच माणसांनी, आपल्याच गरजेसाठी, कौशल्याने घडविलेली होती. पण प्रत्येकाने आपली किल्ली आपल्याजवळ ठेवली. उलट ज्या कराराने दप्तर पुन्हा उघडले तो साऱ्या जगाचा. आणि त्यातील देवनागरीची बैठक आपल्या इस्कीची. स्वदेशीचा अर्थ वस्तू कोठे घडली एवढ्यापुरताच आहे, की ती सर्वांना खुली आहे हेही त्यात येते, याचा विचार श्रोत्यांनी करावा.

चावडीवरील वाचन

रूपांतर झाले, पण ते बरोबर झाले हे कसे ठरवावे? येथे आम्हांस शासनाच्या एका मोहिमेची आठवण झाली. हस्तलिखित सातबारे संगणकात चढविताना चुका राहिल्या होत्या. त्या काढण्यासाठी २०१७ साली महाराष्ट्रात गावोगाव चावडीवाचन करण्यात आले. संगणकातील नोंद मोठ्याने वाचावयाची आणि ज्याची जमीन त्याने ती ऐकून बरोबर की चूक ते सांगावयाचे. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे मिळू लागले. संगणकाच्या चुकीवर माणसांचा कान हा उपाय योजिला गेला, यात आम्हांस फार अर्थ दिसतो.

आम्हीही छापील प्रती घेऊन महाळुंगे पडवळास गेलो. एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. समुद्राची गोष्ट निघाली तेव्हा मंडळी खळखळून हसली. शेतांच्या नावांत चुका अधिक निघाल्या, कारण ती नावे कोणत्याच शब्दकोशात नसतात. यंत्राला ती चूक वाटत नाहीत आणि परक्या माणसालाही वाटत नाहीत. ज्याच्या आजोबांनी ते शेत नांगरले तोच सांगू शकतो की येथे 'ध' नाही, 'घ' आहे. एका वृद्ध बाईंनी आपल्या दिवंगत यजमानांची आठवण वाचली जात असता मध्येच थांबविले आणि म्हणाल्या, "त्यांनी असं नाही सांगितलं. परत वाचा." परत वाचले. एक रफार चुकीच्या अक्षरावर बसला होता, आणि त्यामुळे विहीर खणणाऱ्याचे आडनावच बदलले होते. ती चूक जगातील कोणत्याही प्रोग्रॅमला सापडली नसती.

दोन नावांचा निर्णय लागला नाही. सांगणारे गेले, जाणणारे उरले नाहीत, आणि मूळ फाइलीत टंकतानाच आमच्याकडून काही घोटाळा झालेला दिसतो. ती नावे आम्ही कंसात, जशी आहेत तशी ठेवली आहेत. अंदाजाने ती शुद्ध करण्याचा मोह झाला होता. पण शिलालेखाच्या तुटलेल्या भागात आपल्या पदरची अक्षरे कोरू नयेत, हा दंडक येथेही लागू आहे.

आज शाळांतून, वाचनालयांतून, सोसायट्यांतून आणि आपल्या घरांच्या कोपऱ्यांतून असे पुष्कळ संगणक बसले आहेत, ज्यांच्या कारभाऱ्याची मुदत संपली आहे. काही भंगारात जातील, काहींवर नवी प्रणाली चढेल. यंत्राचे काय करावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावे. आमची विनंती एवढीच की, यंत्र हलविण्यापूर्वी एक दिवस त्याच्यासमोर बसावे. कोणत्या फाइली कोणत्या फॉन्टात आहेत याची यादी वहीत करावी. फॉन्टांची नक्कल फाइलींबरोबर ठेवावी. महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये आणून एक छापील प्रत काढावी. आणि ती प्रत, ज्यांच्याविषयी ती आहे त्यांना, ते हयात आहेत तोवर, एकदा वाचून दाखवावी.

आमचे यंत्र अजून चालते. त्याची तारीख आता बरोबर असते. महाळुंगे पडवळची टिपणे त्यात आहेत आणि गावातही त्यांची एक प्रत आहे. ती प्रत कागदाची आहे, आणि तिला कारभारी लागत नाही.